नववीच्या वर्गातून म्हशींची वाट

विकून टाकलेल्या म्हशींच्या जाण्यायेण्याचा हक्क अखेरपर्यंत सांभाळणारा मनुष्य संबंध ठाणे जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो आमच्या शाळेचा भूमिदाता होता. वाचकांसाठी आधी एक खुलासा करतो. डोळ्यांना दिसते ती शाळा. कायद्याला दिसते ती संस्था. संस्थेला विश्वस्त असतात आणि विश्वस्तांना आपापले मान असतात. वळ गावाच्या अलीकडे आमची शाळा उभी राहिली, ती या गृहस्थांनी बक्षीसपत्राने दिलेल्या शेतावर. त्यांनी ना नावाची पाटी मागितली, ना व्यासपीठावरची खुर्ची. अट एकच घातली : त्यांच्या म्हशींची तळ्याकडे जाणारी वाट मैदानातून कायम राहील.

पुढे आसपासच्या शेतांवर गोदामे उभी राहिली, चरायला गवत उरले नाही, आणि त्यांनी म्हशी विकल्या. आम्ही शिक्षक मनातून सुखावलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो एका हातात काठी, दुसऱ्या हातात म्हशीच्या गळ्यातली घंटा, आणि भूमिदाते स्वतःच तळ्याकडे निघालेले! वीस वर्षे वापरला नाही तर वहिवाटीचा हक्क संपतो, असे त्यांना एका वकिलाने सांगितले होते. त्यातली वीस वर्षे त्यांनी वकिलाकडेच ठेवली आणि 'वापरला नाही तर संपतो' एवढेच घरी आणले. "मास्तर, आज न्हाय गेलो, उद्या न्हाय गेलो, मंग संपला क न्हाय?" म्हशी जिथे थांबत तिथे ते थांबत. म्हशी जेवढा वेळ डुंबत तेवढा वेळ ते तळ्याच्या काठी उभे राहत. लवकर परतलो तर हक्क अर्धवट वापरल्यासारखा होईल, अशी त्यांना धास्ती. पहिल्या दिवशी ती घंटा मधल्या सुट्टीची समजून मुलांनी पहिल्याच तासाला डबे उघडले. खिडकीतून आवाज आला, "घंटा म्हशीची हाय, तुमची न्हाय! डबे बांधा!"

शाळा तेव्हा आठवीपर्यंतच होती. नववीची मान्यता मिळायची तर जूनपूर्वी नवी खोली हवी होती, आणि जागा उरली होती ती नेमकी त्या वाटेवर. खोली झाली नसती, तर आठवीच्या मुलींचे शिक्षण तिथेच थांबले असते. कंटेनरच्या रस्त्याने मुलींना शहरात पाठवणार नाही, असे पालकांनी स्पष्टच सांगितले होते. त्या मुलींत भूमिदात्यांची नातही होती. तेव्हा सभा बोलावली. बांधकामाचा खर्च उचलणारे कार्याध्यक्ष म्हणजे शहरातल्या निजामपुऱ्यातले यंत्रमाग मालक. आम्ही त्यांना शेठ म्हणत असू.

"काका, रास्ता छोड़ दो ना," शेठ म्हणाले. "आपकी पोती का ही स्कूल है."

"शेट, तुमचा लूम बंद पडला म्हनून शेडवरचा हक सोडता क?"

"लूम तो है ना, काका. आपकी भैंस किधर है?"

"म्हस गेली. वाट कुठं गेली?"

हक्क लेखी सोडता येतो, हे मी त्यांना सावकाश, उदाहरणासह समजावून सांगितले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वाट सोडली, तं शालेत येयाला मना कारन काय ऱ्हाइल, मास्तर?"

शेठनी खोलीचा नकाशा पुढे ओढला. "आमने-सामने दो दरवाज़े बना दो. काका बीच से जाएँगे."

"वर्ग म्हणजे बोळ नव्हे," मी ठामपणे म्हणालो.

"मास्तरजी, मेरे कारखाने में दिनभर मशीनों के बीच से आदमी निकलता है. कपड़ा फिर भी बनता है."

खोली झाली. तपासणीच्या दिवशी तिथे आठवीला बसवले होते. अधिकारी खुर्चीवर बसून फळ्याची उंची टिपून घेत असताना घंटा वाजली आणि "पाय घ्या रं, म्हस येते!" असा पुकारा करीत भूमिदाते एका दाराने आत आले. मुले उठून उभी राहिली. त्यांच्याबरोबर अधिकारीही उभे राहिले. "संस्थेचे अध्यक्ष का?" त्यांनी हळूच विचारले. "वहिवाट," मी म्हणालो. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मान्यता मिळाली.

त्यानंतर ते रोज नववीतून जात, तेही माझ्या इतिहासाच्या तासाला. बाकांच्या मधून जाण्याइतका वेळ, म्हणजे फार तर दोन वाक्ये, त्यांच्या वाट्याला येत. "मी येतो तवा लडाई चालूच असते," अशी त्यांची तक्रार होती. "सुटका कदी व्हते त्यांची?" हळूहळू त्यांची पावले इतकी मंदावली, की एकदा शेवटच्या बाकावरून नात पुटपुटली, "आजोबा, म्हस बसली क?"

ते गेले तेव्हा ती नात दहावीला होती. पुढे त्यांच्या मुलाने तो हक्क रीतसर लिहून सोडून दिला. मागचे दार बुजवण्याचा विषय प्रत्येक सभेपुढे येतो आणि शेठ प्रत्येक वेळी म्हणतात, "अगली मीटिंग में देखेंगे." इतिहासाच्या तासाला कधी वाऱ्याने ते दार कुरकुरते. मी वाक्य अर्धे सोडून थांबतो, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नाही, अशी मुले मुकाट्याने पाय आत घेतात.