चौथ्या घरचं आंबोण

नवशिक्या माणसाने आंबा घाट घोडीवरून उतरू नये. मी उतरलो. ऐंशीनंतरची गोष्ट. रत्नागिरीत शाळेवर लागून वर्ष झालं होतं आणि भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवर घोडी फिरवायची खुळी हौस डोक्यात शिरली होती. कोल्हापूरकडे घोडी मिळाली. ट्रकात घालून आणा, असं सगळे सांगत होते. पण मी हट्टाला पेटलो आणि तिच्यावर बसूनच निघालो. घाट उतरेपर्यंत मांड्या सोलवटल्या आणि फुशारकी पार जिरली.

पडायची भीती दुसऱ्या दिवशीच गेली होती. उरली ती वेगळीच. आमच्याकडे घोडा कुणी पाळत नाही. हिला काही झालं तर विचारायचं कुणाला, हा घोर दर मैलाला वाढत होता.

माणसं मात्र मायेची. साखरप्यापासून पुढे ज्या दारात पाणी मागितलं, तिथे घोडीपुढे आंबोण आलंच. कोंडा, पेंड, शिजवलेले कुळीथ, बैलाला कालवून देतात तसंच. दारात आलेलं जनावर उपाशी पाठवायचं नाही, ही रीत. नको म्हटलं तर घरधनीण दुखावणार, म्हणून मी नको म्हटलं नाही. सकाळपासून अशी तीन घरं झाली.

चौथं घर पालीच्या अलीकडे. घरात सून आणि सासरा, नवरा मुंबईला. सासरा रानात गेला होता. सुनेने घमेलंभर आंबोण ठेवलं, घोडीच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला पडवीत पेज वाढली. थोड्या वेळाने घोडी अंगणात खाली बसली.

"दमली बिचारी. बसली निवांत," मी म्हणालो आणि आणखी पेज मागून घेतली. बैल बसला की रवंथ करतो आणि मालक निर्धास्त होतो. आमचं जनावरांचं ज्ञान एवढंच.

इतक्यात सासरा आला तो लांबूनच ओरडत. "उठवा तिला! आवो पाव्हणं, ती काय बैल हाय रवंथ कराया? पोटात कळ हाय तिच्या!"

या म्हाताऱ्याने तीस वर्षं मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाडी हाकली होती. त्याने दाखवलं तेव्हा मला दिसलं. घोडी घामाने निथळत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, मधूनच लोळू पाहत होती.

तिघांनी मिळून तिला उभी केली. म्हातारा दोर धरून तिला खळ्याभोवती फिरवू लागला. "लोळली तर आतडं पिळवटंल. मग संपलं." त्याच्या छातीतून घरघर येत होती. मी दोर घेतला की घोडी खाली बसायला बघायची आणि मला रडायला यायचं.

"काय काय खाल्लंन हिनं?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण सून आधी बोलली. "मीच घातलं, मामानू. घमेलाभर." आणि ती हुंदके देऊ लागली. म्हातारा तिला नको नको ते बोलला. मी गप्प राहिलो. आधीच्या तीन घरांचं कळलं तर हा दोर टाकून निघून जाईल, अशी भीती वाटली. लाजही वाटली, आणि खरं म्हणजे लाजच जास्त होती.

दिवेलागणीच्या सुमाराला घोडीने लीद टाकली. म्हातारा मटकन खाली बसला. "जगली," एवढंच म्हणाला. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

सकाळी पालीपर्यंत सोबत यायला म्हातारा काठी घेऊन तयार होता. सून दाराशीच उभी राहिली. घोडीजवळ आली नाही.

"येतो, वहिनी."

"माफी करा, मास्तर. माज्या हातनं मुका जीव जात व्हता."

एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं. म्हातारा शेजारीच उभा होता.

"असू दे, वहिनी," मी म्हणालो, "चुकतं माणूस." आणि रिकिबीत पाय घातला.