गोलमागची चार माणसं

आमच्या जॉन्सनव्हिलच्या शेजाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या मुलीने एका स्लोव्हाक फुटबॉल क्लबचा इतिहास सांगितला. त्यातला शेवटचा भाग खोटा होता. तो मी रचला होता. मी दुसऱ्या रांगेत कोट घालून बसलो होतो आणि गप्प राहिलो.

बायको गेल्यावर, २०१२ मध्ये, मी पुणं सोडून मुलाकडे इथे वेलिंग्टनला राहायला आलो. शेजारचा म्हातारा माझ्याच वयाचा. अडुसष्ट साली त्याच्या देशात रशियन रणगाडे शिरले तेव्हा तो आणि त्याच्या गावचे आणखी चार जण पळाले आणि फिरत फिरत वेलिंग्टनला पोचले. पाचही जण गावातल्या कागद कारखान्याच्या क्लबचे वेडे. तिकडे सरकार बदललं की क्लबचं नाव बदलायचं, पण हे लोक आपल्या आजोबांच्या वेळचंच नाव घेऊन ओरडायचे. बाकीचे चौघे इथेच एकेक करून वारले. मी आलो तेव्हा शेजाऱ्याच्या गराजमध्ये चार लाकडी खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर निळा-पांढरा मफलर होता. भिंतीवर गाईच्या गळ्यात असते तसली घंटा. आपला गोल झाला की ती वाजवायची.

त्याची नजर अधू होत चालली होती. "इंजिनियरसाहेब, निकाल वाचून दाखवाल का?" त्याने कुंपणापलीकडून विचारलं. त्यांच्याकडे इंजिनियरला हुद्द्यानेच हाक मारायची रीत आहे. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

तिकडचा रविवारचा सामना आमच्या सोमवारी सकाळपर्यंत संपलेला असायचा. मी टॅबलेट घेऊन निघालो की सून ओरडायची, "अहो बाबा, ह्या वाऱ्यात जंडल्स? हरायचं त्यांनी आणि सर्दी तुम्हाला!" इथे रबरी चपलांना जंडल्स म्हणतात.

मी क्लबच्या वेबसाइटवरून निकाल वाचायचो. गोल करणाऱ्यांची नावं एकेक अक्षर करून सांगायचो. मग शेजारी प्रत्येक खुर्चीकडे वळून तोच निकाल आपल्या भाषेत पुन्हा सांगायचा, आणि सांगून झाल्यावर थांबायचा. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. सुरुवातीला मी दुसरीकडे बघायचो. काही महिन्यांनी लक्षात आलं की हे थांबणं सगळ्या खुर्च्यांपाशी सारखं नसतं. तिसऱ्या खुर्चीपाशी तो सगळ्यात जास्त थांबायचा, आणि कधीकधी हसायचा.

२०१५ च्या हिवाळ्यात एका सोमवारी वेबसाइटवर फक्त चार ओळी होत्या. कॉम्प्युटरने केलेलं भाषांतर मोडकंतोडकं होतं, पण अर्थ स्वच्छ होता. क्लब बंद झाला होता. मैदान विकलं होतं.

आमच्या घरात म्हाताऱ्यांना वाईट बातमी सांगत नाहीत. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आईला आम्ही तो दुबईला आहे असंच सांगत राहिलो. ती त्याच्यासाठी दर उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घालून बरणी बाजूला ठेवायची. शेवटपर्यंत ठेवत राहिली. आपण चांगलंच केलं, असं आम्ही सगळे म्हणायचो.

"दोन-एक," मी गराजमध्ये शिरून म्हणालो. "आपण जिंकलो."

त्याने घंटा वाजवली. मग चारही खुर्च्यांना सांगितलं.

त्यानंतर दर सोमवारी मी सामना रचून न्यायचो. अधूनमधून हरायचोही, म्हणजे संशय नको. एक नवा गोलकीपर आणला, उंच आणि डावखुरा.

"चालताना जरा लंगडतो?" शेजाऱ्याने विचारलं.

माझ्या डोक्यात तो तसाच होता. पण मी ते बोललो नव्हतो. "हो," मी म्हणालो. तो तिसऱ्या खुर्चीकडे वळून काहीतरी पुटपुटला आणि हसला. दार बंद होतं, वारा आत येत नव्हता. तरी त्या खुर्चीवरचा मफलर घसरून खाली पडला. मी तो उचलला तेव्हा तो ओला लागला. गराज गळत असेल, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. त्या हिवाळ्यानंतरचा एकही सामना झाला नाही. तो गोलकीपर कुठेही नव्हता.

२०१८ मध्ये एकदा त्याने विचारलं, "गोलमागे कोण उभं होतं?"

असं वेबसाइटवर कधीच नसतं. पण मी पटकन म्हणालो, "चार म्हातारे. निळे-पांढरे मफलर."

तो खुर्च्यांकडे वळला. मग म्हणाला, "पोचले म्हणायचे."

पुढच्या सोमवारी खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. मफलर नव्हते. "आता ते इथे कशाला येतील?" तो म्हणाला. "साहेब, त्यांच्या शेजारी जागा आहे का?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "आहे. कारखान्याच्या चिमणीच्या बाजूला."

त्याच आठवड्यात तो झोपेत गेला.

त्याची मुलगी क्राइस्टचर्चला हॉर्नबीत राहते. आपली राख त्या गोलमागे टाकायची, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. अंत्यविधीनंतर तिने माझा हात धरला. "मैदान अजून आहे ना? बाबा म्हणायचे, तुम्ही दर आठवड्याला बघता."

मी होकारार्थी मान हलवली.

ती राख घेऊन बापाच्या गावी गेली. इकडे आम्ही रात्रीचं जेवत होतो, तिकडे सकाळ होती, तेव्हा तिचा फोन आला. "इथे मैदान नाही. सुपरमार्केट आहे. मी चुकीच्या गावात आलेय का?"

ताट तसंच ठेवून मी मागच्या अंगणात गेलो आणि तिला सगळं सांगितलं. पलीकडून ट्रॉल्यांची चाकं खडखडत होती.

"तीन वर्षं?" ती म्हणाली. "ते मला फोन करून गोल सांगायचे. मी तेच सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. तुम्ही समोर बसला होतात!"

"हो."

मला वाटलं, फोन ठेवेल. तिने ठेवला नाही. "मग आता सांगा. गोल कुठे होता?"

ते गाव मी कधी पाहिलं नव्हतं. पण इतकी वर्षं गराजमध्ये शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून मला ते पाठ झालं होतं. "चिमणी दिसते का?"

"अर्धीच उरलीय."

"ती डाव्या खांद्याकडे ठेवा आणि नदीकडे चला. पॉपलरच्या झाडांची रांग संपते तिथे थांबा."

तिची पावलं ऐकू येत होती. मग ती थांबली. "इथे ट्रॉल्या लावतात."

"तिथेच."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "इथे एक बाक आहे. त्यावर चार म्हातारे बसलेत. मघापासून माझ्याकडेच बघतायत."

म्हातारे सुपरमार्केटबाहेर बसतातच. मीही इथल्या मॉलबाहेर बसतो.

"सरकून जागा करतायत," ती म्हणाली. "चिमणीच्या बाजूला. माझ्यासाठी करतायत का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. गोलमागच्या त्या चार म्हाताऱ्यांबद्दल मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

मग फोनमधून घंटा वाजली. एकदाच, आणि लाइन कटली.

त्या दिवशी राख तिथेच पडली, एवढं तिने नंतर माझ्या मुलाला कळवलं. माझ्याशी ती बोलत नाही. घंटा तिने बरोबर नेली असेल. गराजच्या खिडकीतून भिंत दिसते, घंटा आहे की नाही ते कळेल. मी त्या खिडकीपाशी गेलेलो नाही.