चुना टिकत नव्हता

मी अकोल्याची, पाण्याच्या लाइनींवर काम करणारी इंजिनिअर, आणि तोंडाची फटकळ. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात या तोंडाचाच दोष जास्त.

वलगावच्या पुढं खेड्यांना पाणी नेणारा लोखंडी पाइप खांबांवरून नाला ओलांडतो. अलीकडच्या काठालगतच्या खांबाजवळ, वेल्डिंगच्या कडेला, बोटभर चीर पडली होती. गळत नव्हती. पंप सुरू झाला की भरलेल्या पाइपचा भार नेमका तिथंच यायचा. मी आकडेमोड केली, चिरेच्या दोन्ही टोकांना खडूच्या रेघा ओढल्या आणि लिहून दिलं, ‘दिवाळीपर्यंत चालेल.’ ऐन सणात पाणी बंद केलं असतं तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. तिथं पाणी सोडणाऱ्या व्हॉलमनला बजावलं, "मामा, चीर रेघेबाहेर गेली की लगेच फोन करा."

खरा धोका मामांच्या बायकोला, मामीला होता. ती रोज सकाळी पलीकडच्या मळ्यातून झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन त्याच पाइपवरून चालत यायची. नको म्हटलं तर म्हणाली, "वीस वर्सं झाले, चालूनच राह्यली मी."

खंडेनवमीला मामांनी व्हॉलची चावी, नट आवळायचे पाने, सगळं घासूनपुसून पुजलं. आणि हौसेनं पाइपलाही चुना मारला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, पूजेसाठी पाइपले चुना मारला, पन थो टिकूनच नाई राह्यला."

मी जेवत होते. मला हसूच आलं. "मामा, चांगल्या दुकानातून आणा की!" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या चुन्याखाली माझ्या रेघा गेल्या, हे मला सुचलंसुद्धा नाही. अक्कल गहाण टाकली होती म्हणा ना.

पुढच्या आठवड्यात सकाळी गेले, तर मामा कुंचा घेऊन पाइपवर वाकलेले.

"आता चौथ्या डावाले मारून राह्यलो. पंप सुरू झाला का तडकते. त्याच जाग्यावर. दर डावाले थोडी लांबच."

चुना आपल्या मनानं एकाच रेषेत तडकत नाही. खालचं लोखंड उघडतं तेव्हा तडकतो. मी वाकून पाहिलं. कालच्या चुन्यात वीतभर काळी रेघ होती आणि तिच्या टोकाला ओल आलेली.

मान वर केली, तर पलीकडून मामी टोपली घेऊन पाइपवर चढलेली.

"थांब वं! मांगं फिर!" मामा किंचाळले.

"काहून?" मामी थबकली. पाइप तिच्या पायाखाली थरथरत होता.

"टोपली फेक! फिर मांगं!"

तिनं झेंडू नाल्यात टाकला आणि हात पसरून, हळूहळू वळून, एकेक पाऊल परत गेली. देवा, हिला पोचू दे, एवढंच मनात. काठावर पोचताच ती मटकन खाली बसली. तेव्हा कुठं मामांनी फोन करून पंप बंद करवला.

तो तुकडा कापून काढला, तेव्हा आतल्या अंगानं चीर अर्ध्या घेरापर्यंत गेलेली दिसली. दिवाळी अजून आठवड्यावर होती.

मी मामांपुढं जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती. ते कापलेल्या तुकड्यावरून बोट फिरवत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"मॅडम, चुना चांगलाच होता."