शाळेच्या दारावरचा निकाल

आमच्या न्यामुरोवे मतदारसंघातून आजवर चार जण खासदार झाले. पहिला स्वातंत्र्याच्या लढाईतून आलेला, एका पायाने लंगडा, बोलायला गोड. दुसरा त्याचाच भाचा. तिसरा एक मास्तर, तो विरोधकांचा. टिकला पाच वर्षं, त्यातली निम्मी लपूनछपून. आणि चौथा आत्ताचा, त्याचं तोंड आम्ही फक्त पोस्टरवर पाहिलंय. सरकारी पुस्तकात एवढंच सापडेल: नाव, साल, मतं. पण या निवडणुका माणसाच्या अंगावर कशा येतात ते विचारायचं असेल, तर ग्वाटिझो गावात रुरामाईबाईंचं घर गाठायला हवं. म्हणजे, हवं होतं. आता बाई तिथे राहत नाहीत.

गोऱ्यांचं राज्य गेलं आणि आमचं पहिलं मतदान झालं ऐंशी साली. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या. मतदान केंद्र अठरा किलोमीटरवर, रांग दोन दिवसांची. कुणी कुरकुर केली म्हणता? छे! बाया डोक्यावर साद्झाची, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीची, पातेली घेऊन निघालेल्या, आणि मत देऊन बाहेर आलेली प्रत्येक बाई तोंडाने लुलुलु करत नाचत होती. रुरामाईने नवीकोरी चप्पल धुळीने खराब होऊ नये म्हणून सगळी वाटभर हातात धरली होती. देश आपला झाला होता, आणि तो आपण केला होता, एका फुलीने!

मग त्या गावच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या वर्षांत सरकारलाही शहाणपणाचं वेड लागलं होतं, सगळ्या प्रौढांना साक्षर करायचं. दर शनिवारी मुसासाच्या झाडाखाली बाईंचा वर्ग भरायचा. गावचा सबुकू, म्हणजे वहीवाला मुखिया, घराघराची नावं त्याच्या वहीत असतात म्हणून तो वहीवाला; तर तो ग्वाटिझोसुद्धा, गावाला त्याच्याच घराण्याचं नाव, या वर्गात येऊन बसायचा. तोवर त्याची वही त्याचा भाचा लिहायचा. पस्तिशीच्या त्या दांडग्या गड्याला बाईंनी पेन धरायला शिकवलं. जायरोसी गवंडी पण त्याच वर्गातला. त्याला वाचता येत होतं हो चांगलं! तरी लबाडाने महिनाभर अडाण्याचं सोंग केलं, बाईंनी हात धरून अक्षर गिरवून घ्यावं म्हणून. लग्नानंतर हे कळलं तेव्हा बाई तीन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि चौथ्या दिवशी हसत सुटल्या.

पंच्याण्णव साली खासदारकीला दुसरा उमेदवारच उभा राहिला नाही. लंगड्याचा भाचा घरबसल्या निवडून आला. दोन हजार साली विरोधकांकडून मास्तर उभा राहिला आणि पडला, आणि त्याच्या प्रचाराला गेलेल्यांच्या दोन झोपड्या जळाल्या. कुणी जाळल्या ते सगळ्यांना माहीत, आणि सगळे मूग गिळून बसले.

दोन हजार आठ साली मात्र मार्चमध्ये मास्तर निवडून आला. त्या वर्षी नवा नियम निघाला होता: प्रत्येक केंद्राचा निकाल त्या त्या केंद्राच्या दारावर चिकटवायचा, म्हणजे वर कुणाला लबाडी करता येऊ नये. किती छान नियम! जायरोसी हा मास्तरचा केंद्रावरचा माणूस होता. सकाळी शाळेच्या दारावर कागद लागला आणि सगळं गाव गोळा झालं. जायरोसी वाचायला लागला तसं बाई मागून ओरडल्या, "मोठ्यांदा वाच की! मागच्यांना ऐकू येत नाही." त्याने मोठ्यांदा वाचलं. मास्तर चौऱ्याऐंशी, पक्ष एकसष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे नुसतं 'पक्ष' म्हटलं की तो एकच. त्या पक्षाची तरुण पोरं मे महिन्यात ट्रकने आली. कुठल्या गावात जायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही, ते दारादारावर लिहिलेलंच होतं. शाळेत त्यांनी तळ ठोकला. बाईंच्याच वर्गात जायरोसीला दोन दिवस मारलं. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून घरी आणून टाकलं, आणि पाचव्या दिवशी तो गेला. जूनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचं फेरमतदान झालं तेव्हा बाईंनी पक्षासमोर फुली मारली आणि लाल शाई लागलेलं बोट सगळ्यांना दाखवत घरी आल्या. बोट लाल नसतं तर आणखी कुणाला तरी बैलगाडीत घालावं लागलं असतं.

तेरा साली बाई मतदानाला गेल्याच नाहीत. आदल्या दिवशी उठून बहिणीकडे मसविंगोला निघून गेल्या. त्याची किंमत सुनेने भरली. सून म्हणजे स्पिवे. मुलगा दक्षिण आफ्रिकेत खाणीवर, वर्षातून एकदा फोन. घर सांभाळायचं सुनेने, तिच्या दोन पोरींनी आणि बाईंनी. त्या वर्षी पाऊस पडला नाही, सरकारी मका आला, आणि वाटपात यांचं घरच वगळलं. 'तुमच्या घरचं एक बोट कोरडं होतं,' असं तोंडावर सांगितलं. धाकटी नात तेव्हा दीड वर्षांची होती. स्पिवेने चार महिने रानातली मुळं उकडून घातली. पोर वाचली, पण सुनेच्या मनातली अढी गेली नाही.

म्हणून अठरा साली बाईंनी ठरवलं, यंदा जायचं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात सबुकू ग्वाटिझो दारात आला, बसला, आमच्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून रामराम झाला. म्हातारा झाला होता. काखेत वही.

"बाई, पक्षाच्या वॉर्डातून यादी आलीय," तो म्हणाला. "चौदा जणांना पक्षाचा मदतनीस घेऊन आत जायचंय, त्याच्या देखत फुली मारायला. कुणाला दिसत नाही, कुणाचा हात मोडलाय, कुणाला वाचता येत नाही. तुमचं नाव शेवटच्यात आहे."

"कशात?"

"वाचता येत नाही, त्यात."

"शुम्बा," त्याला त्याच्या सिंह-कुळाच्या नावाने हाक मारत त्या म्हणाल्या, "लाज नाही वाटली तुला हे बोलायला? माझ्या घरात बसून?"

"वाटली ना. दोनदा फाटकातून परत गेलो. पण वर कळवायचंय मला."

"मग कळव. म्हणावं बाईंना वाचता येतं. तुलाही येतं, ते कुणी शिकवलं तेही कळव."

ग्वाटिझो पुढे सरकला. "ऐका. केंद्रावर एकशे त्रेचाळीस नावं. ज्यांच्यावर शंका, ते मदतनिसाबरोबर जाणार. बाकीचे एकटे जातील, ते पक्षालाच देतील अशी मी शपथ घेतलीय. यादीत नाव असून एकट्या आत जाणाऱ्या, आणि आठ साली नवरा गेलेल्या, तुम्ही एकट्याच. दुसऱ्या दिवशी दारावर विरोधकांसमोर एकचा जरी आकडा दिसला, तरी गाव कोणाकडे बघेल?"

तो गेल्यावर स्पिवे चुलीपासून उठून आली. "आई, दोन मिनिटांचं काम आहे. वाचता येत नाही म्हणायचं आणि सुटायचं. काय झिजतं त्यात?"

"ते मी म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार? मागच्या वेळी तुम्ही बहिणीकडे साद्झा खात होतात, आणि इथे माझी पोरगी—" हातातलं लाकडी ढवळणं तिने भांड्यात आपटलं आणि बाहेर निघून गेली.

मतदानाच्या सकाळी सबुकूने गाव वहीतल्या नंबराप्रमाणे रांगेत उभं केलं. यादीतला एकेक जण आत जायचा, सांगितलेलं सोंग करायचा, मदतनिसाचा हात धरून पडद्याआड जायचा. परवापर्यंत सुईत दोरा ओवणारी मारुवी म्हातारी चाचपडत चालत होती. बिचारी! बाईंचा नंबर आला. टेबलामागे कुठल्या तरी परगावचा तरुण अधिकारी होता. त्याने यादी पाहिली आणि मदतनिसाला खूण केली.

"मला वाचता येतं," बाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने, की बाहेरच्या रांगेलाही ऐकू गेलं.

अधिकाऱ्याने खांदे उडवले आणि राष्ट्राध्यक्ष, खासदार आणि वॉर्ड असे तीन मतांचे तीन कागद हातात दिले.

पडद्याआड बाई एकट्या होत्या. दहा वर्षांत त्यांना कुणी इतकं एकटं सोडलं नव्हतं. खासदारकीच्या कागदावर दोनच चिन्हं. विरोधकांसमोर त्यांनी पेन टेकवलंही. जायरोसीसाठी एक फुली, बस, दुसरं काय देता येणार होतं त्याला? मग त्यांना दारावरचा आकडा दिसायला लागला, एक, आणि त्या एकाखाली स्पिवे आणि दोन पोरी. हात मागे आला. त्यांनी पक्षासमोर फुली मारली. तिन्ही कागदांवर. ज्यांनी नवऱ्याला मारलं, त्यांना स्वतःच्या हाताने, कुणी बघत नसताना, कुणी जबरदस्ती करत नसताना मत दिलं. घड्या घालून पेट्यांत टाकले, बाहेर आल्या, आणि संडासामागे जाऊन भडाभडा ओकल्या. पण निदान घर वाचलं, असं म्हणत घरी गेल्या. त्या दिवशी स्पिवेला त्यांनी एवढंच सांगितलं, "काळजी करू नकोस." स्पिवेने विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर कागद लागला. सगळं गाव दोन हात लांब उभं, जवळ कुणीच जाईना. शेवटी बाई पुढे झाल्या आणि त्यांनी खासदारकीचा आकडा वाचला. पक्ष एकशे एकोणचाळीस. विरोधक एक.

बाईंनी पुन्हा वाचलं. एक. माझं नाही, मग कुणाचं? त्या मागे वळल्या. इतक्या लोकांत कुणीतरी हे केलं होतं. मदतनीस घेऊन की सबुकूने शपथ घेतलेल्यांपैकी, कोण जाणे! जे त्यांना जमलं नव्हतं ते दुसऱ्या कुणाला जमलं होतं. क्षणभर बाईंना इतका आनंद झाला की त्या प्रत्येक तोंड न्याहाळत राहिल्या, पण सगळे जमिनीकडे बघत होते. आणि मग एकेक करून सगळ्यांनी मान वर केली आणि बाईंकडे बघितलं.

दुपारी पक्षाचा वॉर्डातला चेअरमन आला. हार्डलाइफ त्याचं नाव. आईबापांनीच ठेवलेलं, त्यांचे दिवस तसेच असतील. आठ साली शाळेतल्या तळावर तो होता, आणि त्याआधी तिसरीत बाईंच्या हाताखाली. त्याने गाव झाडाखाली बसवलं.

"बाई," तो अगदी नरमाईने म्हणाला, "हे एक तुमचंच ना?"

बाईंनी वर्गाच्या दाराकडे पाहिलं.

"नसेल तर नाही म्हणा. तुमचा शब्द मी मानतो, तुम्ही माझ्या शिक्षिका. मग आम्ही त्या वर्गात बसतो, आणि इथल्या एकेकाला आत बोलावतो. कुणीतरी सांगेलच."

नाही म्हणायला खरं तर काहीच अडचण नव्हती. ते खरंच होतं. कडेला बसलेली मारुवी म्हातारी रडायला लागली होती, ग्वाटिझो वही छातीशी धरून बसला होता, आणि कोण तो एक हे बाईंना अजूनही कळलं नव्हतं. वर्गाचं दार उघडंच होतं. आत कुणी काय बोलेल, आणि बोलून बाहेर येईल की नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"माझं आहे," बाई म्हणाल्या.

हार्डलाइफने मान डोलावली. बाईंचं वय बघून त्याने हात लावला नाही, हे त्याने दोनदा बोलून दाखवलं. शनिवारच्या आत गाव सोडायचं. सून आणि पोरी राहू शकतात, पण या वर्षीच्या मक्याच्या यादीत घर नाही. सबुकूने वही उघडली आणि बाईंनी शिकवलेल्या अक्षरात बाईंचं नाव खोडलं.

शुक्रवारी बाई गाठोडं बांधत होत्या. स्पिवे दारात येऊन उभी राहिली.

"मिरवा! सगळ्या जिल्ह्यात नाव झालं तुमचं. बाबांच्या जिवाचं सार्थक झालं. आणि माझ्या पोरींनी काय खायचं? पुन्हा मुळं?"

बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. ते माझं नव्हतं गं, मी पक्षालाच दिलं, तुझ्यासाठी दिलं, आणि देऊन ओकले. पण स्पिवे हे पोटात ठेवू शकली नसती. विहिरीवर कुणी टोमणा मारला की ती पहिल्या झटक्यात म्हणाली असती, आमच्या आईंचं नव्हतंच ते! आणि दुपारपर्यंत हार्डलाइफ वर्गात येऊन बसला असता. बाईंनी गाठ आवळली.

"एवढं तरी सांगा मला," स्पिवे म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "पडद्यामागे पेन हातात होतं तेव्हा, एकदा तरी, माझ्या पोरींचा विचार आला होता तुमच्या मनात?"

"नाही," बाई म्हणाल्या.

स्पिवेने दोन्ही पोरींना आत घेतलं आणि आजीच्या पाया पडायला बाहेर सोडलं नाही.