उकंड्याचा भुऱ्या

वणीला आमच्या शेजारी उकंडा राहायचा. कापसाच्या जिनिंगात हमाली करी, पण जनावरांचा भारी शौकीन. अठ्ठावन्न साली कोळशाच्या कामावर आलेला एक परदेशी साहेब मायदेशी जाताना आपला कुत्रा त्याच्या हवाली करून गेला. बर्फावर गाड्या ओढणारी जात म्हणे! वासराएवढं धूड, पाठीवर शेपटीचं वेटोळं, अंगावर घोंगडीसारखे केस. उकंड्याने नाव ठेवलं भुऱ्या.

राखणीला अगदी शून्य. परका माणूस दिसला की चाटायलाच धावायचा. पण ओढायचं वेड असं, की दोरी बांधली की निघालाच! एकदा उकंड्याने त्याला बाजेला बांधलं आणि वर आडवा झाला, तर बाजेसकट मारोतीच्या पानठेल्यापाशी.

"तिकीट काढलं काय बे?" मारोती म्हणे.

भुऱ्या भुंकत मात्र नसे. रोज संध्याकाळी मान वर करून लांब सूर काढी. त्यात उकंड्याची माय रुखमाबाई तापाने पडलेली. दारात कुत्रं रडलं की घरचं माणूस जातं, ही भीती सगळ्यांना. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती आमच्या वस्तीला. देव्हारे गेले, ही भीती काही गेली नव्हती.

शेजारची शकुबाई चार बाया घेऊन आली. "उकंड्या, सोडून ये त्याले जंगलात. मायपेक्षा कुत्रं जास्त झालं काय तुले?"

उकंडा दोरी घेऊन उठला. तेवढ्यात जिनिंगचा भोंगा झाला आणि भुऱ्याने सूर लावला.

आतून रुखमाबाई ओरडली, "थांब रे! पडल्या पडल्या रोज ऐकून राह्यली मी. भोंगा वाजते, मंग हा रडते. सुट्टीच्या दिवशी भोंगा बंद, तं हाही बंद. जबाब देते तो भोंग्याले! अन् शकू, महिना झाला हा रोज रडून राह्यला. मी किती डाव मरू वं?"

आधी शकुबाईच फसकन हसली. मग सगळ्याच. उकंड्याने दोरी ठेवून दिली. आठवडाभरात म्हातारी उठून बसली, भाकर मागू लागली.

पुढे उन्हाळ्यात भुऱ्या अंगणात खड्डा खणून गारव्याला पडून राही. येता-जाता त्यात घागरीतलं पाणी ओतायची शकुबाईच. मी पाहत राहिलो की म्हणे, "कायले पाहतं? गरम होते बिचाऱ्याले."