उजव्या बाजूची रिकीब

आधीच कबूल करतो, त्या दिवशी मी चामुंडीचा डोंगर चढायला निघालो तो दर्शनासाठी नव्हे, देवीशी भांडायला.

आमचं घराणं घोडदळातलं. आजोबांच्याही आधीपासून म्हैसूरच्या महाराजांची चाकरी. घरात मराठी, तबेल्यात कानडी. माझी घोडी चांदणी नऊ वर्षं माझ्याकडे होती. त्या श्रावणात माझ्या डाव्या गुडघ्याच्या मागे, पाय दुमडतो नेमक्या तिथे, लिंबाएवढी गाठ आली. मांडी घालून जेवणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "आत पाणी साचलंय. कापायची घाई नको. पट्टी बांधा आणि पाय पुरता दुमडू नका." आता स्वाराने डावा पाय रिकिबीत घालायचा तर गुडघा छातीशी येतो. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा डोळ्यांपुढे काजवे चमकले. आमचे जमादार भले माणूस, पण नियमाचे पक्के. म्हणाले, "दसऱ्याच्या सवारीत कुणाच्या आधाराशिवाय चढलात तर चांदणी तुमची. नाहीतर दुसऱ्याला द्यावी लागेल." मला रडूच फुटायचं बाकी होतं.

बायको म्हणाली, "सुम्मने, गुमान घरी बसा की हो! गुडघा असला, अन् डोंगर कशाला पाहिजे तुम्हाला?" तिचं बरोबर होतं. मी कधी कुणाचं ऐकलंय? उजवा पाय वर टाकायचा, डावा मागून ओढायचा, असा दोनेकशे पायऱ्या चढलो आणि घामाघूम होऊन बसलो. हजार पायऱ्यांतल्या उरलेल्या पाहूनच उमेद गेली. मनात म्हटलं, आई, पिढ्यान्‌पिढ्या तुझ्या दसऱ्याला घोडे नाचवले, आणि माझ्याच पायाला गाठ?

तेवढ्यात खालून एक म्हातारी आली. आपल्याकडे नवस फेडताना बायका प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत चढतात, तशी ती चढत होती. पण कुंकू लावत होती डाव्या हाताने! आधीच डोकं तापलेलं, मी खेकसलोच, "अम्मा, देवीला डाव्या हाताने कुंकू?" तिने पदराखालून उजवा हात काढून दाखवला. मनगटापासून वाळलेला होता. मी शरमेने खाली पाहिलं. ती मात्र हसली. "एरडू कै अवळदे, मगा," म्हणाली. दोन्ही हात तिचेच, देवीचेच, बाळा. मग मी बसलो होतो त्या पायरीलाही कुंकू लावून ती वर निघाली.

मी तिच्या डाव्या हाताकडे पाहत राहिलो आणि एकदम मोठ्याने हसलो. अरे गाढवा, घोडीला दोन रिकिबी असतात! तलवार डाव्या कमरेला, म्हणून स्वाराने डावीकडूनच चढायचं, हे बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. उजवीकडून चढावं असं आमच्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दर्शन न घेताच मी खाली उतरलो. देवी दोनशेव्या पायरीवर भेटली होती.

चांदणीला ते पटायला पंधरा दिवस लागले. मी उजवीकडे गेलो की ती गोल फिरून डावी बाजू पुढे करायची, शिकवलेली शहाणी पोर! गुळाचे खडे चारून तिची समजूत काढली. रिकिबीचे पट्टेही दोन भोकं लांब केले, म्हणजे बसल्यावर गुडघा फार दुमडायला नको.

विजयादशमीला राजवाड्यासमोर हुकूम सुटला. तलवार हाताने सावरून मी उजवा पाय रिकिबीत घातला, दुखरा पाय सरळच्या सरळ पलीकडे टाकला आणि बसलो. रांगेत कुजबुज झाली. जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. "हे कुठल्या कवायतीत शिकलात?"

"चामुंडीच्या पायऱ्यांवर, साहेब."

ते हसू दाबत पुढे गेले. घोडी माझीच राहिली.

गाठ अजून आहे. कधी फुगते, कधी विसरायला होते. मी ती काढून टाक म्हणून देवीकडे हट्ट धरला होता. आईने ती राहू दिली आणि माझा हट्ट तेवढा काढून घेतला. ती म्हातारी मला पुन्हा कधी दिसली नाही. पण त्या दिवशी सवारी वळली आणि समोर डोंगर दिसला, तेव्हा तिची आठवण येऊन माझे डोळे भरून आले. स्वाराने लगाम कधी सोडायचा नसतो. मी सोडला आणि दोन्ही हात जोडले. चांदणी आपली चालत राहिली.