करवंटीतला शेंगदाणा

उंदराला खेळणी करणारी बाई म्हणून निमगाव केतकीत माझं चांगलंच हसं झालं. झालं तर झालं. ते दिवस आठवले की माझे हात आजही शिवशिवतात.

माझी लेक पुण्यात शिकते. तिच्या हॉस्टेलवर प्राणी पाळायला बंदी, म्हणून तिनं पिंजऱ्यासकट दोन उंदरिणी माझ्या गळ्यात बांधल्या. शेतातल्या नव्हेत, पाळीव. पांढरं अंग, भुरं डोकं, सख्ख्या बहिणी. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. आता गंमत बघा, माझे सासरे, म्हणजे आबा, यांनी उसातले उंदीर मारण्यात उभा जन्म घालवलेला, आणि त्यांच्याच पडवीत उंदरांचा पाहुणचार. आबा एकदा पिंजऱ्याकडे बघायचे आणि अंगणात जाऊन बसायचे.

दिवाळीनंतर थोरली छातीच्या दुखण्यानं गेली आणि धाकटीनं अन्न टाकलं. ज्वारी, काकडी, शेंगदाणा, ताटलीत सगळं जसंच्या तसं. कोपऱ्यात पाठ फुगवून बसायची, हाक मारली तरी कान हलवायची नाही. बारामतीला डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, दुखणं काही नाही, एकटी पडलीय. सोबत आणा, आणि तोवर तिचं मन रमवा. सोबत लेकच आणणार होती, पण तिची परीक्षा संपायला पंधरा दिवस होते. फोनवर रडत म्हणाली, "आई, तेवढे दिवस जगव गं तिला." मी हो म्हणून बसले.

लेकीनंच उपाय सांगितला. खाणं ताटलीत देऊ नकोस, लपवून ठेव. उंदराचं डोकं शोधण्यात रमतं, हुंगायला, कुरतडायला, उकलायला काही मिळालं की ते खुलतात. एवढं ऐकलं आणि मला चेव चढला. डाळिंबाच्या पॅकिंगची कोरी खोकी घरात होतीच, कागदाच्या कात्रणांसकट. एका खोक्याला खिडक्या पाडल्या, कात्रणांत ज्वारी पेरली. अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत दाणे ठेवून वर कागदाचे बोळे कोंबले. शिंप्याकडून कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आणली. बाजरीचं कणीस सुतळीनं टांगलं. नारळाच्या करवंटीला दार पाडलं. शिंपी म्हणाला, "वहिनी, उंदराचं बारसं कवा?" मी म्हटलं, कुंची शिवून ठेवा, कळवते. गॅसवर भाजी करपली तरी माझं लक्ष खोक्यात. लहानपणी भातुकली मांडताना जशी तहानभूक हरपायची तशी गत झाली होती. सगळी खेळणी धुऊन, वाळवून संध्याकाळी एका दमात पिंजऱ्यात भरली आणि समोर मांडी ठोकून बसले.

धाकटी बाहेर आलीच नाही. सकाळी पाहिलं तर पार मागच्या सळ्यांना चिकटून बसलेली, अंगाला बारीक थरथर. एका दाण्याला तोंड लावलं नव्हतं. मला रडूच फुटलं. स्वतःचा रागही आला, हौसेनं मीच तिला घाबरवून टाकलं होतं.

आबा दारातनं बघत होते. म्हणाले, "येवढं नवं सामान बघून मीबी घरात शिरलो नसतो."

मी डोळे पुसले. आबा पहिल्यांदाच पिंजऱ्याजवळ आले, गुडघ्यावर हात टेकून खाली बसले.

"उंदराला नव्या वस्तूचं लई भ्या. काढ समदं. येकच ठिव, ती करवंटी. आन धुतलीस कशाला? तिच्या अंथरुणातल्या चिंध्या चोळ तिला, वळखीचा वास येऊ दे. आज दानं भायेरच टाक. उद्या दारात. परवा आत. घाई करू नगं."

घाई करू नगं, हे मला सांगणं म्हणजे चुलीवरच्या दुधाला सांगणं. तरी ऐकलं. पहिल्या दिवशी करवंटीपासून वीतभर लांब चार दाणे टाकले. दुपारी मोजले तर तीन. पुन्हा मोजले. तीनच! मी अंगणात पळत जाऊन आबांना सांगितलं. ते नुसतं "व्हय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दारातले दाणे गेले, आणि करवंटीच्या कडेला दातांच्या बारीक खुणा दिसल्या. मी त्यांचा फोटो काढून लेकीला पाठवला. ताजमहालाचाही मी एवढ्या कौतुकानं काढला नसता.

तिसऱ्या दिवशी शेंगदाणा आत ठेवला. आबा न बोलावता आपली खुर्ची घेऊन आले. धाकटी कोपऱ्यातनं निघाली, थांबली, मिशा हलवल्या. दारात डोकं घातलं, काढलं. मग करवंटीभोवती फेरी मारली, पुढच्या पायांनी ती कलती केली आणि खांद्यापर्यंत आत शिरली. बाहेर आली तेव्हा शेंगदाणा तोंडात होता. आमच्या देखत बसून, दोन्ही पंजांत धरून तिनं तो खाल्ला. कान ताठ, डोळे चमकदार. माझा आनंद पोटात मावेना. ओरडले तर ती पळेल म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"आबा, तुम्हाला हो कसं कळलं हे सगळं?" मी हळूच विचारलं.

आबांची नजर धाकटीवरच होती. "ह्याच रीतीनं तर मारलं जन्मभर. दोन दिस बिळापाशी नुसता भरडा आन गूळ ठिवायचा. भीड मोडली, इस्वास बसला, की तिसऱ्या दिशी त्यात औषिद." ते पिंजऱ्याकडे जरा वाकले. "ठिवायचं आन घरी यायचं. तिसऱ्या दिशी खाताना त्यो कसा दिसतो, ते कदी बघितलंच न्हवतं."

शेंगदाण्यांची वाटी मी त्यांच्या मांडीवर ठेवली.